जादाच्या खोलीत घरगुती बार: सुरुवात काउंटरच्या आतून

घरी बार करायचा म्हटलं की आधी बाटल्यांची शेल्फं आणि मंद दिवे डोळ्यांसमोर येतात. पण बार जमला की फसला, हे काउंटरच्या आत उभं राहणाऱ्याला विचारावं. बर्फ, ग्लास, बाटल्या आणि सिंक या चारही गोष्टी फार तर एक पाऊल टाकून हाताशी येत असतील, तर सजावट पुढे कधीही करता येते. जागा चुकली तर मात्र सगळं उखडावं लागतं.

म्हणून सुताराला बोलावण्याआधी मास्किंग टेपने जमिनीवर पूर्ण बार आखून घ्या. पाहुण्यांकडच्या बाजूने काउंटरवरची फळी (जिच्यावर ग्लास ठेवतात ती) १० इंच पुढे, मग काउंटरची भिंत ४ इंच, आतला कामाचा ओटा २४ इंच, उभं राहायला ३६ इंच आणि मागची शेल्फं १२ इंच. ही बेरीज ८६ इंच होते. त्यात फळीबाहेर बसलेल्या माणसासाठी किमान २४ इंच मिळवा, म्हणजे सव्वानऊ फुटांच्या आसपास जाते. बसलेल्यांच्या मागून कुणी ये-जा करणार असेल, तर २४ ऐवजी ३६ धरा. आखलेल्या जागेत दोघांनी उभं राहून बघा, आणि त्यातल्या एकाने वाकून फ्रिज उघडल्यासारखं करा. ३६ इंचांची वाट कागदावर ऐसपैस वाटते, पण फ्रिजचं दार उघडलं की त्यातली निम्मी जागा दारच खातं. खोली नऊ फुटांपेक्षा अरुंद असेल तर मधोमध काउंटर घालण्याचा हट्ट सोडा. भिंतीला टेकून २४ इंचांचा ओटा आणि वर शेल्फं एवढंच करा, ते जास्त वापरात राहतं.

उंचीची मापं ठरलेली आहेत आणि त्यांत फेरफार करू नये. फळी जमिनीपासून ४२ इंच, आतला ओटा ३६ इंच, स्टुलाची बैठक ३० इंच. बैठक आणि फळी यांत १२ इंचांचं अंतर राहिलं की मांड्या अडकत नाहीत आणि कोपरं नीट टेकतात. स्वयंपाकघरातल्या ओट्यासाठी मिळणारी स्टुलं २४ ते २६ इंचांची असतात. ती आणली तर फळी छातीशी येते. दर माणशी २४ इंच रुंदी धरा. सहा फुटांच्या काउंटरला तीन स्टुलं पुरतात, चौथं आणलंत तर कोपराला कोपर लागेल.

सांगाडा

सहा फुटी काउंटरसाठी ३×२ इंची वाळलेलं लाकूड घ्या. खाली आणि वर सहा-सहा फुटांच्या दोन आडव्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये १६ इंचांवर उभे खांब, एकूण सहा. फळी १८ मिमी प्लायच्या दोन थरांची, म्हणजे ३६ मिमी, आणि सनमायका धरून जवळपास ३८. तेव्हा ४२ इंच, म्हणजे १०६७ मिमी उंचीसाठी सांगाडा १०२९ मिमीचा हवा. दोन आडव्या पट्ट्यांचे १०० मिमी वजा केले की खांबाची लांबी ९२९ मिमी निघते. जमिनीवर नंतर लाकडी फरशी टाकणार असाल तर तिची जाडी आत्ताच हिशोबात घ्या.

हलणारा काउंटर ही घरगुती बारची सर्वांत नेहमीची तक्रार. माणसं फळीवर रेलतात, तो जोर आडवा असतो, आणि फक्त जमिनीला स्क्रूने धरलेली सरळ भिंत तो पेलत नाही. उपाय सोपा आहे: एक टोक खोलीच्या भिंतीत अँकर बोल्टने पक्कं करा आणि मोकळ्या टोकाला आतल्या बाजूने २४ इंचांची काटकोनी भिंत जोडा. ओट्याचं टोकही तिनेच झाकलं जातं. खालची पट्टी दर दोन फुटांवर जमिनीत अँकर करा. गुनिया लावून कोपरे तपासा आणि मगच प्लाय चढवा. दोन्ही बाजूंनी १२ मिमी प्लाय स्क्रूने बसला की सांगाडा खऱ्या अर्थाने ताठ होतो.

प्लाय चढवण्याआधी दोन कामं विसरू नका. पाय टेकायचा पाइप जमिनीपासून ७ ते ८ इंचांवर आणि भिंतीपासून ६ इंच पुढे येतो. त्याचे ब्रॅकेट जिथे येणार, तिथे खांबांच्या मध्ये लाकडाचे ठोकळे आधीच बसवा. नुसत्या १२ मिमी प्लायमध्ये घट्ट केलेले स्क्रू, दोन माणसांनी पाइपवर भार दिला की काही महिन्यांत उपटून येतात. दुसरं काम वायरिंगचं. फ्रिजला स्वतंत्र सॉकेट, ओट्यावर ब्लेंडरसाठी एक, दिव्यांसाठी एक. सिंकजवळची सगळी लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) घ्या आणि सॉकेट सिंकपासून शक्य तितकी लांब ठेवा.

१८ मिमी प्लायचे दोन पूर्ण ताव लागतात: एकातून फळीचे १८ इंची दोन थर, दुसऱ्यातून ओटा आणि बाजूच्या फळ्या. सिंक असल्याने हा प्लाय पाण्याला टिकणारा, बीडब्ल्यूपी दर्जाचाच घ्या. फळीला वरून सनमायका लावला तर खालच्या बाजूलाही पातळ लॅमिनेट लावा. एकाच बाजूने लावलेलं लॅमिनेट फळीला हळूहळू बाक आणतं.

लाकडाचा पोत दिसायला हवा असेल तर लाखेचं स्पिरिट पॉलिश बारच्या फळीवर अजिबात चालत नाही. लाख मद्यार्कातच विरघळते, त्यामुळे सांडलेल्या व्हिस्कीचा एक गोल डाग पडला की पृष्ठभाग चिकट होतो. दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश घ्या, तीन हात, प्रत्येक दोन हातांमध्ये बारीक पॉलिश पेपर. ओट्यावर ग्रॅनाइट उत्तम. संगमरवराला लिंबाचा रस खातो, आणि बारवर लिंबू तर रोजच कापलं जाणार.

पाणी आणि थंडावा

निचऱ्याच्या पाइपला दर मीटरला साधारण २५ मिमी उतार हवा. खोलीत असा उतार मिळत नसेल तर सिंक सोडून द्या. पिण्याच्या पाण्याचा नळ असलेला कॅन आणि खाली बादली एवढ्यावर काम भागतं. सिंक केलंच तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: जादाची खोली अनेक आठवडे बंद राहते, बॉटल ट्रॅपमधलं (सिंकखालच्या, वास अडवणाऱ्या भांड्यातलं) पाणी उडून जातं आणि गटाराचा वास थेट वर येतो. पंधरा दिवसांतून एक तांब्याभर पाणी ओतत राहा.

फ्रिज ८५ सेंमीपर्यंत उंचीचा असेल तर ३६ इंची ओट्याखाली बसतो. घेण्याआधी गरम हवा कुठून बाहेर पडते ते बघा. मागून पडत असेल आणि तो बंद कपाटात कोंबला, तर कॉम्प्रेसर सतत चालतो आणि लवकर बाद होतो. कंपनीने सांगितलेलं अंतर मागे सोडा, कपाटाला खाली आणि वर जाळी ठेवा. समोरून हवा सोडणारं मॉडेल अशा जागेसाठी जास्त बरं. बर्फाची सोय वेगळी बघा, कारण छोट्या फ्रिजमधला फ्रीझर एका बैठकीलाही पुरत नाही.

शेल्फं

भरलेली ७५० मिलीची काचेची बाटली सव्वा किलोच्या आसपास असते. ३० इंच लांब शेल्फवर दोन रांगांत सहज १६-१८ बाटल्या मावतात, म्हणजे वीस किलोंहून जास्त. त्यामुळे १८ मिमी प्लायला दर ३० इंचांवर आधार द्या आणि दोन शेल्फांत १४ इंच उंची सोडा. मागे आरसा लावणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, ते आरशाच्या पाठीवरचा थर खातं. न्यूट्रल सिलिकॉनच मागा. दिव्यांसाठी २७०० केल्विनची, म्हणजे पिवळसर उजेडाची एलईडी पट्टी अॅल्युमिनियमच्या पन्हळीत, दुधी झाकणासह, शेल्फच्या पुढच्या कडेखाली लावा. नुसती पट्टी आरशात ठिपक्यांची रांग दाखवते. तिचा ड्रायव्हर (पट्टीला वीज पुरवणारा डबा) हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा, बिघडतो तो बहुधा तोच.

खिडकीतून ऊन थेट येईल तिथे शेल्फं नकोत, उन्हाने रंग आणि चव दोन्ही उतरतात. व्हिस्की, रम, जिन उभ्या ठेवा, कारण तीव्र मद्यार्काने बूच भुसभुशीत होतं. बुचाची वाइन आडवी, बूच ओलं राहील अशी. उघडलेला व्हर्मूथ (मसाल्या-वनस्पतींचा स्वाद दिलेली वाइन) फ्रिजमध्ये, आणि महिना-दोन महिन्यांत संपवायचा. घरात मुलं असतील तर ओट्याखालच्या एका कप्प्याला कुलूप लावा आणि उघड्या बाटल्या तिथेच ठेवा.