पीएस५ (प्लेस्टेशन ५ हा गेमिंग कन्सोल) वर विकत घेतलेल्या गेमला कुलूप दिसतंय?

डिजिटल गेमचा परवाना कन्सोलला नाही, तो विकत घेणाऱ्या अकाउंटला मिळतो. त्यामुळे ताईने घेतलेला गेम धाकट्याच्या प्रोफाइलवरून उघडायचा असेल, तर ताईच्या अकाउंटवर 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' सुरू असायला हवं. ताईच्या प्रोफाइलमध्ये जा, सेटिंग्ज, यूजर्स अँड अकाउंट्स, अदर, आणि तिथे हा पर्याय एनेबल करा. मग त्या कन्सोलवरचं प्रत्येक प्रोफाइल तो गेम खेळू शकतं, नेट बंद असलं तरी.

खरी गोची इथे आहे: एका अकाउंटला ही सोय एका वेळी एकाच पीएस५ वर मिळते. ताईने होस्टेलमधल्या दुसऱ्या पीएस५ वर ती सुरू केली, की घरच्या गेमच्या चित्रावर छोटं कुलूप येतं. तो बिघडलेला नसतो, त्यामुळे डिलीट करून पुन्हा ५०-१०० जीबी उतरवत बसू नका. सोय घरी परत सुरू करा. ती सुरू असूनही कुलूप दिसत असेल, तर त्याच 'अदर'मध्ये 'रिस्टोअर लायसन्सेस' दाबा.

डिस्कवरच्या गेमला यातलं काहीच लागत नाही. डिस्क आत असली की झालं.

कन्सोल विकण्याआधी ही सोय आठवणीने डिसेबल करा. राहून गेलं तर प्लेस्टेशनच्या वेबसाइटवरून अकाउंटला जोडलेली सगळी उपकरणं एकदम काढता येतात, पण सहा महिन्यांतून एकदाच. आणि गेमसाठी पासवर्ड कोणा अनोळख्याला देऊ नका, अकाउंटवर बंदी आली तर सगळी खरेदी अडकते.