सिग्नलला गाडी धडधडते, बंद पडते? मेकॅनिककडे जायच्या आधी घरच्या घरी काय काय बघायचं

ठाण्याचा तीन हात नाका, जुलैचा पाऊस, एसी चालू, सिग्नल लाल. गाडी दोनदा धडधडली आणि बंद. मागून हॉर्न सुरू. सेल मारला, चालू झाली, पुढच्या सिग्नलला परत तेच. माझी २००७ ची अल्टो आहे, ७९६ सीसी, तीन सिलिंडरवाली, आणि हे मी जवळपास तीन महिने सहन केलं, कारण पहिल्या मेकॅनिकने स्क्रू फिरवून स्लो (उभ्या गाडीत इंजिन ज्या वेगाने फिरतं तो, म्हणजेच आयडलिंग) वाढवून दिला, आठ दिवस बरं वाटलं, मग परत खालीवर सुरू आणि वर पेट्रोल जास्त खायला लागली ते वेगळंच. शेवटी निघालं काय, तर बोटभर लांबीचा एक रबरी पाइप, टोकाला चिरलेला.

म्हणून पहिलं काम, काहीही खोलायच्या आधी दोन-तीन दिवस फक्त लक्ष ठेवा की गाडी नक्की कधी त्रास देते आणि मोबाइलमध्ये लिहून ठेवा. फक्त सकाळी थंड असताना? टेंपरेचर सेन्सर किंवा आयडलच्या व्हॉल्व्हवर संशय घ्या. एसी लावला की दबते? कॉम्प्रेसरचा लोड आला की ईसीएम (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) थोडी जास्त हवा सोडून स्लो सांभाळतो, थ्रॉटल बॉडीत (इंजिनला जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) कार्बन साचला की त्याला ते जमत नाही. पावसातच होतं? स्पार्क प्लगच्या वायरी किंवा कॉइल. आणि उभ्या गाडीत ब्रेक दाबला की इंजिनचा आवाज बदलतो, पेडलही कडक लागतं, तर ब्रेक बूस्टर किंवा त्याचा पाइप हवा खेचतोय, ही गोष्ट मात्र उद्यावर टाकू नका, ब्रेकचा प्रश्न आहे.

अजून एक, स्टीअरिंग आणि सीट थरथरते पण इंजिनचा आवाज एकसारखा आहे, तर आयडलिंगचा दोष नसेलही, इंजिन माउंटिंगचं रबर बसलेलं असतं. तीन सिलिंडरच्या गाडीत थोडी थरथर मुळातच असते. गरम झाल्यावर स्लो साधारण ८०० ते ९०० आरपीएमच्या आसपास असतो, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा.

आता बोनेट उघडायचं. गाडी मोकळ्या जागी लावा, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. न्यूट्रल, हँडब्रेक, ओढणी किंवा सैल बाही बेल्टपासून लांब, आणि रेडिएटरचा फॅन कधीही अचानक सुरू होतो तिथे हात नको.

एअर फिल्टर आधी काढून बघा, दोन मिनिटांचं काम. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून जी धूळ आहे ती बघता सर्व्हिसची वाट बघण्यात अर्थ नाही. बरेच दिवस उभ्या गाडीत फिल्टरच्या डब्यात उंदराने कागद-चिंध्या भरलेल्या सापडतात, तेही बघून घ्या. बॅटरीचे टर्मिनल हलतात का तेही तेव्हाच.

मग पाइप, आणि इथे घाई करू नका. इंजिन चालू ठेवून इनटेकच्या (इंजिनमध्ये हवा जाते त्या भागाच्या) आजूबाजूला कान द्या, बारीक 'स्स्स' आवाज येतो का. मग इंजिन बंद करून, गार झाल्यावर एकेक रबरी पाइप बोटाने वाकवा. माझा पाइप वरून ठणठणीत दिसत होता, काळाभोर, पण टोकापाशी वाकवल्यावर बारीक चीर उघडली, नख जाईल एवढी. रबर लाकडासारखं कडक झालं होतं. तेवढा तुकडा बदलला आणि त्याच संध्याकाळी ऐरोली पुलावर अर्धा तास अडकूनही गाडी एकदाही दचकली नाही. गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधायचे व्हिडिओ बघून तसं करू नका, पेट घेऊ शकतो. साबणाच्या पाण्याचे चार थेंब जॉइंटवर, वायरिंग सोडून, एवढं पुरतं, हवा खेचत असेल तर पाणी आत ओढलं जातं.

प्लग थंड इंजिनवरच काढायचे, आणि एका वेळी एकच, म्हणजे वायरींची अदलाबदल होत नाही. टोकाचा रंग फिकट तपकिरी असेल तर उत्तम. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय, तेलकट ओला म्हणजे इंजिन ऑइल वर येतंय, पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. परत बसवताना आधी हातानेच आटे धरा, सरळ पाना लावला आणि आटे गेले तर हेडचं काम निघतं. वायरी बघायच्या असतील तर रात्री अंधारात बोनेट उघडून इंजिन चालू करा, हात न लावता फक्त बघा, चीर असेल तिथे निळी ठिणगी उडताना दिसते.

थ्रॉटल बॉडी शेवटी. इंजिन बंद, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर मारून आतल्या हवेच्या झडपेच्या, म्हणजे पाकळीच्या कडेचं काळं कडं पुसायचं, पाकळी स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही. नंतर पहिल्यांदा स्लो जास्त वाटेल, घाबरू नका, एसी बंद ठेवून अ‍ॅक्सिलरेटरला पाय न लावता फॅन लागेपर्यंत चालू राहू द्या, बऱ्याच गाड्या एवढ्यात नवीन स्लो शिकतात. जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० असेल तर स्लो जेटमध्ये (स्लोला पेट्रोल देणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा असू शकतो, ते जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

सीएनजी असेल तर आधी पेट्रोलवर टाकून बघा. दोन्हीवर धडधडते तर हवा किंवा करंटचा प्रश्न, फक्त गॅसवर तर गॅसचा फिल्टर, ट्यूनिंग किंवा थकलेले प्लग, कारण सीएनजीला ठिणगी जोरकस लागते. फक्त पेट्रोलवर त्रास असेल तर वर्षभर पेट्रोलवर चालवलीच नाही म्हणून इंजेक्टर जाम झालेले असू शकतात.

आणि पीयूसीची पावती फेकू नका. टेस्ट आयडलिंगला होते, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आला तर पेट्रोल जास्त जातंय, एचसी (न जळलेलं पेट्रोल) जास्त आला तर कुठलातरी सिलिंडर मिसिंग मारतोय, म्हणजे नीट पेटत नाही. ही पावती मेकॅनिकच्या हातात द्या, आणि त्याने नुसता स्क्रूला हात घातला तर थांबवा, आधी कॉम्प्रेशन आणि फ्युएल प्रेशर चेक करायला सांगा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल किंवा बोनेटखाली पेट्रोलचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीच स्वतः करू नका, गाडी चालू न करता टो करून न्या.