बालपणी गाजलेल्या गायकाने रिअ‍ॅलिटी शोमध्ये परतताना घ्यावयाची काळजी

लहानपणी टीव्हीवर गाजलेला गायक पुन्हा रिअ‍ॅलिटी शोमध्ये उतरतो, तेव्हा वाहिनीला त्याच्या गाण्याइतकीच त्याच्या पडत्या काळाची कथाही हवी असते. ती किती सांगायची, हे मुंबईची गाडी पकडण्यापूर्वी घरीच ठरवावे. लातूरचा रोहित राऊत ‘सा रे ग म प लिटल चॅम्प्स’मधून महाराष्ट्रभर पोहोचला आणि पुढे ‘इंडियन आयडॉल’च्या अकराव्या पर्वात स्पर्धक म्हणून उतरून २०२० मध्ये उपविजेता ठरला. मराठवाड्यातील मुलांनी हे उदाहरण मनापासून अभ्यासावे.

तयारी पट्टीपासून सुरू करावी. वयात येताना मुलांचा आवाज सुमारे एका सप्तकाने खाली उतरतो आणि मुलींचाही थोडा बदलतो, त्यामुळे पेटीवरील काळी चार या पट्टीत गाजलेल्या गाण्यातील तार सप्तकातल्या, म्हणजे उंच स्वरांच्या, जागा आज हाती लागतीलच असे नाही. पेटीवादकासोबत बसून आजची पट्टी निश्चित करावी आणि जुने गाजलेले गाणे ऑडिशनला टाळावे. पैठण किंवा अंबाजोगाईकडच्या गळ्यात भजन, भारूड मुरलेले असेल, तर तेच पुढे करणे मला अधिक योग्य वाटते. रात्रभर प्रवास करून सकाळी थेट रांगेत उभे राहू नये. आदल्या दिवशीच पोहोचावे.

खरी सावधगिरी मुलाखतीत लागते. कॅमेऱ्यासमोर बसवून ‘प्रश्न उत्तरातच गुंफून बोला’ असे सांगितले जाते, कारण संकलनात विचारणाऱ्याचा आवाज काढून टाकायचा असतो. ‘काम मिळेनासे झाल्यावर तुम्ही खचलात का?’ या प्रश्नाला ‘हो, काम मिळेनासे झाल्यावर मी खचलो’ असे उत्तर दिले, की दुसऱ्याने सुचवलेले वाक्य आपली कबुली होऊन प्रसारित होते. म्हणून जो शब्द आपला नाही तो उच्चारूच नये. ‘त्या काळात मी शिकवण्या घेतल्या आणि रियाज चालू ठेवला’ असे घडलेले तेवढेच, आपल्या शब्दांत आणि पूर्ण वाक्यात सांगावे. आईवडिलांची मुलाखत घेणार असतील, तर त्यांनाही हे आधी समजावून द्यावे.

ऑडिशनसाठी कोणी पैसे मागितले, तर तेथूनच परत फिरावे. बालकामगार कायद्याखालील २०१७ च्या नियमांनंतर बालकलाकार म्हणून काम केलेल्यांनी आपल्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत आपल्या नावे मुदत ठेवीत जमा झाली होती का, हे तपासावे. सज्ञान झाल्यावर ती आपल्याला मिळावयास हवी.

नवा करार वकिलाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. अन्यत्र जाहीर गाण्यास मनाई असेल, तर तिची मुदत विचारावी आणि गणेशोत्सव, नवरात्रासाठी आधीच घेतलेल्या सुपाऱ्या त्या मनाईतून लेखी वगळून घ्याव्यात.