इनुइट प्रिंट घ्यायचंय? मग आधी घुबड नाही, खालची पेन्सिलची ओळ बघा

इनुइट म्हणजे कॅनडाच्या उत्तर ध्रुवाकडच्या भागातले मूळ रहिवासी, त्यांच्या प्रिंटमधलं घुबड बघून माणूस पहिल्या झटक्यात फिदा होतो हे मान्य, माझंही तेच झालेलं. पण प्रिंट विकत घेताना आधी चित्राकडे बघायचंच नाही, सरळ खालच्या कडेला जायचं, तिथे पेन्सिलने एक बारीक ओळ लिहिलेली असते ती वाचायची. ती ओळ नसेल तर समोर जे आहे ते सुंदर असू शकतं, पण ते बहुतेक पोस्टर असतं.

मुळात घोळ "प्रिंट" या शब्दामुळे होतो. आपण प्रिंट म्हटलं की डोळ्यापुढे झेरॉक्स येतं, म्हणून मग लोक विचारतात की ओरिजिनल कुठेय. तर या प्रकारात प्रत्येक प्रतच ओरिजिनल असते कारण ती हाताने छापलेली असते. कॅनडाच्या नुनावूत या उत्तरेकडच्या प्रदेशात, बॅफिन बेटाच्या दक्षिण टोकाजवळ किनगाइत नावाचं गाव आहे, २०२० पर्यंत त्याचं अधिकृत नाव केप डॉरसेट होतं, म्हणून जुन्या प्रिंटवर "डॉरसेट" लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका. तिथे १९५७-५८ च्या सुमारास छापायला सुरुवात झाली, जेम्स ह्यूस्टन नावाचा कॅनडियन कलाकार त्यात होता, तो नंतर जपानला जाऊन उनिची हिरात्सुका या तिथल्या छापकलाकाराकडे ठसेछपाई शिकून आला. १९५९ ला पहिला संग्रह आला आणि तेव्हापासून हा वार्षिक संग्रहाचा सिलसिला चालू आहे. हे संग्रह काढणारी गावची को-ऑपरेटिव्ह, म्हणजे सहकारी संस्था, तीही १९५९ चीच, तिच्या जुन्या नावात "एस्किमो" शब्द आहे, पण तो फक्त नावापुरता, बोलताना इनुइट म्हणा.

आता स्टोनकट म्हणजे काय ते समजून घ्या, कारण ते कळलं की खरं-खोटं ओळखणं निम्मं सोपं होतं. कलाकार कागदावर चित्र काढतो किंवा काढते. मग दुसरा माणूस ते सपाट घासलेल्या दगडावर उलटं उतरवतो, जे छापायचं नाही ते सगळं कोरून काढतो, उरलेल्या उंच भागावर रोलरने शाई लावतो (एकाच दगडावर वेगवेगळ्या भागांना वेगवेगळे रंग, छोट्या छोट्या रोलरने), त्यावर पातळ जपानी कागद ठेवून मागून हाताने चोळतो आणि मग हळूच कागद उचलतो. हे एकदा नाही, साधारण ५० वेळा. मग तो दगड घासून टाकतात म्हणजे परत त्यातून कोणी काही काढायला नको. "मग चित्र कलाकाराने स्वतः कोरलं नाही का" असं विचारून नाक मुरडणारे भेटतात, त्यांच्याशी वाद घालत बसू नका. छापणाराही नावाजलेला कारागीर असतो आणि प्रिंटवर त्याचंही नाव किंवा शिक्का असतो.

उदाहरण घ्यायचं तर किनगाइतच्याच कलाकार केनोजुआक अशेवाक यांचं "द एनचँटेड आऊल", १९६०. मधोमध समोर रोखून बघणारं घुबड, आणि त्याची पिसं डोक्यावरून आणि शेपटीतून लांब लांब लाटांसारखी बाहेर पडतायत, खऱ्या घुबडाला इतकी पिसं असती तर बिचारं उडू शकलं नसतं. याच्या ५० प्रती छापल्या, निम्म्या लाल-काळ्या आणि निम्म्या हिरव्या-काळ्या. १९७० ला ते कॅनडाच्या पोस्टाच्या तिकिटावर आलं. आता हे चित्र मगवर, पिशवीवर, कॅलेंडरवर सगळीकडे दिसतं, त्यात वाईट काही नाही, फक्त मगच्या भावात मग घ्या.

तर ती पेन्सिलची ओळ. तिच्यात साधारण चित्राचं नाव, तंत्र (स्टोनकट, स्टेन्सिल म्हणजे कापलेल्या साच्यातून रंग लावणं, लिथोग्राफ म्हणजे न कोरता सपाट दगडावर चित्र काढून छापणं, वगैरे), डॉरसेट, वर्ष, कलाकाराचं नाव आणि २७/५० असा आकडा असतो. २७/५० म्हणजे ५० पैकी सत्ताविसावी प्रत, बस. ३/५० ही ४७/५० पेक्षा भारी असते असं कोणी सांगत असेल तर तो विकायला बसलाय हे लक्षात ठेवा. याशिवाय छोटे शिक्के दिसतात, लाल रंगातली इग्लूची खूण ही को-ऑपरेटिव्हची. कलाकाराची सही कधी कधी इनुइट लिपीत असते, छोटे त्रिकोण आणि हूक असल्यासारखी अक्षरं, ती बघून कोणीतरी गिरगटलंय असं वाटू देऊ नका.

मग भिंग काढा. दहापट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. रंगाच्या कडेला बघा, सारखे बारीक ठिपके दिसले तर ते मशीनचं काम. हाताच्या प्रिंटमध्ये शाई सलग बसलेली असते, कुठे थोडी जाड कुठे विरळ. परवानगी मिळाली तर कागद उलटून पण बघा, पातळ कागदातून शाई मागे जाणवते आणि कधीकधी चोळल्याच्या खुणाही दिसतात. हात स्वच्छ आणि कोरडे हवेत, दोन हातांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरायचं, एका हाताने उचललं की चुणी पडलीच म्हणून समजा.

प्राणी-पक्षीच हवे असतील तर किनगाइतचेच कलाकार कनंगिनाक पुटूगुक यांचं काम बघा. त्यांच्याकडे पक्षी सजावटीचे नसतात, बघून बघून पाठ झालेले असतात. केनोजुआकचं घुबड मनातलं, कनंगिनाकचे पक्षी बाहेरचे, असा माझा ढोबळ हिशोब आहे. एक सांगते, विक्रेता प्रत्येक घुबडाचा आणि कावळ्याचा "आध्यात्मिक अर्थ" सांगायला लागला तर हसून सोडून द्या, किंमत त्या अर्थावर लावू नका.

फ्रेमिंगला मात्र कंजूसपणा करू नका, इथेच माझी चूक झाली. माझं पहिलं प्रिंट, छोटंसं स्टेन्सिल, मी टोरोंटोत एका फ्रेमवाल्याकडे दिलं आणि काही न विचारता घरी आले. त्याने ते गरम करून अख्खं पुठ्ठ्याला चिकटवून दिलं. दिसायला एकदम सपाट, छान. नंतर कळलं की ते आता निघणार नाही. मी तिथेच उभी राहून विचारायला हवं होतं की चिकटवणार कसं. त्यामुळे तुम्ही आधीच सांगा, सेलोटेप नको, गोंद नको, वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ, म्हणजे उद्या पाण्याने सोडवता येईल. मागचा पुठ्ठा आणि माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) अॅसिड-फ्री, काच यूव्ही अडवणारी, आणि काच कागदाला टेकता कामा नये, नाहीतर ओलाव्याने शाई काचेला धरते. घरी उन्हाच्या भिंतीवर, हीटरच्या वर किंवा बाथरूमजवळ टांगू नका.

आणि फ्रेमवाल्याला माउंटची खिडकी कापण्याआधी सांगा की खालची पेन्सिलची ओळ पूर्ण दिसली पाहिजे. बरेच जण ती माउंटखाली झाकतात, दिसायला नीटनेटकं वाटतं म्हणून. तो ऐकत नसेल तर निदान आधी मोबाईलवर त्या ओळीचा आणि शिक्क्यांचा फोटो काढा आणि पावतीसोबत ठेवा.