एफ-१ व्हिसावर रिसर्च इंटर्नशिप: शेवटी कशी मिळाली

अमेरिकेत एफ-१वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, बीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळ्यात लॅबमध्ये काम हवं होतं. एनएसएफच्या (संशोधनाला पैसे देणारी अमेरिकी सरकारी संस्था) आरईयूचे, म्हणजे पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच्या संशोधन कार्यक्रमांचे, अर्ज भरायला घेतले, की नागरिकत्वाच्या प्रश्नावर गाडी अडायची. एनएसएफच्या पैशातून मानधन मिळायला अमेरिकी नागरिकत्व नाहीतर ग्रीन कार्ड लागतं. मग बाहेरच्या प्राध्यापकांना ‘रिस्पेक्टेड सर’वाली एकच ईमेल धडाधड पाठवली. उत्तर एकही नाही. दोन महिने पाण्यात. चिडचिड झाली ती झालीच.

जमलं ते स्वतःच्याच विभागात. कॅम्पसवरचं काम एफ-१वर सत्रात आठवड्याला २० तासांपर्यंत, सुट्टीत पूर्णवेळ चालतं. सीपीटी (अभ्यासक्रमाचा भाग म्हणून कॅम्पसबाहेर काम करायची परवानगी) लागत नाही. एका प्राध्यापिकेचा ताजा पेपर आधी नीट वाचला. मग सहा ओळींची ईमेल: कोण, कोणते कोर्स केले, किती तास देऊ शकते आणि एक खरा प्रश्न, ‘चौथ्या आकृतीतला आलेख शेवटी खाली का वळतो?’ सोबत एक पानी रेझ्युमे. आठवड्याने एकदाच आठवण केली. उत्तर त्या प्रश्नामुळेच आलं! पगारासाठी एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) लागतो. विभागाचं आणि इंटरनॅशनल ऑफिसचं, दोन्ही पत्रं घेऊनच सोशल सिक्युरिटी ऑफिसात जा.

दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर बहुधा सीपीटी लागतो. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण हवं. आधी ऑफर लेटर, मग इंटर्नशिपच्या कोर्सला नोंदणी, मग डीएसओकडे (इंटरनॅशनल ऑफिसातले विद्यार्थी व्हिसाचं काम बघणारे अधिकारी) अर्ज. सीपीटीच्या तारखा असलेला नवा आय-२० (विद्यापीठ देतं ते एफ-१चं पात्रता-पत्र) हातात येईपर्यंत लॅबमध्ये पाऊल टाकू नका.