महालक्ष्म्यांच्या आधी चांदी घ्यायची किंवा उजळायची असेल तर

महालक्ष्म्या जवळ आल्या की सराफ्यात गर्दी होते, कुणाला मुखवटे पाहिजेत, कुणाला लेकीला पैंजण, कुणाला बारशाचे वाळे नाहीतर नव्या सुनेला जोडवे. (सोनं लक्ष्मीचं, ते कमरेखाली घालत नाहीत, म्हणून पायात चांदीच.) पण दुकानात गेल्या गेल्या भाव विचारू नका, आधी टंच किती ते विचारा.

टंच म्हणजे शंभर भागात शुद्ध चांदी किती. 925 म्हणजे हजारात 925 भाग, म्हणजेच साडेब्याण्णव टक्के, बाकी बहुतेक तांबं, कारण निव्वळ चांदी मऊ असते, दागिना वाकतो. पैंजणात टाके (धातूचे जोड) जास्त त्यामुळं टंच अजून खाली येऊ शकतो. समजा 100 ग्रॅमचे पैंजण 70 टंचाचे निघाले, तर आत चांदी 70 ग्रॅमच ना, पण घेताना भाव लागतो पूर्ण 100 ग्रॅमचा, वर मजुरी वेगळी, आणि मोडायला गेलं की हिशोब 70 चा! म्हणून वजन, टंच, मजुरी आणि मोडीत कसं घेणार हे सगळं पक्क्या बिलावर लिहूनच घ्या, सोनार कितीबी ओळखीचा असू द्या. चांदीला हॉलमार्क (शुद्धतेचा शिक्का) सक्तीचा नाही, तरी मागा. सप्टेंबर 2025 पासून त्यावर एचयूआयडी नंबर (प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक) येतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघता येतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच, तांबं, जस्त आणि निकेल असतं.

आता उजळायचं. काळी पडली म्हणजे खोटी असं काही नाही, हवेतल्या गंधकानं थर चढतो. काचेच्या भांड्यात ॲल्युमिनियम फॉइल अंथरा, चांदी फॉइलला टेकेल अशी ठेवा, एक-दोन चमचे खायचा सोडा आणि वरून कढत पाणी. काळेपणातलं गंधक ॲल्युमिनियमकडं जातं, सडक्या अंड्यासारखा वास येईल, घाबरू नका. राखेनं किंवा टूथपेस्टनं घासलं तर चकाकतं खरं, पण दरवेळी थोडी चांदी झिजते, मुखवट्याचे नाक-डोळे पुसट होतात ते असंच.

खड्यांचे, लाख भरलेले आणि ऑक्सिडाइज्ड (मुद्दाम काळपट केलेले) दागिने मात्र यात बुडवू नका. बिदरचं बिदरीकाम (काळ्या धातूवर चांदीची नक्षी) तर अजिबातच नाही, त्याचा काळा रंग मुद्दाम आणलेला असतो, त्याला कोरडं सुती फडकंच बरं.

ठेवताना नीट कोरडं करून झिपवाल्या पिशवीत ठेवा आणि रबरबँड लावू नका, त्यातबी गंधक असतं.