पानगळीत कुत्रा सांभाळताना: दारातली पाच मिनिटं

‘ऑटम’ला शब्दकोशात शरद म्हणत असले, तरी निरभ्र आकाशाचा, चांदण्याचा आपला शरद तो हा नव्हे. पानं झडायचा आपला काळ शिशिराचा. थंड देशांत ती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्येच झडून जातात, दक्षिण गोलार्धात मार्च ते मेमध्ये. अशा देशांत नवीन आलेली मंडळी कुत्र्यासाठी आधी जाडजूड कोट घेऊन ठेवतात. पण या तीन महिन्यांत त्रास थंडीचा कमी आणि ओलाव्याचा, अंधाराचा जास्त. दोन्हींचा बंदोबस्त बराचसा दारातच होतो.

म्हणून आधी दाराशी जागा करा. खाली रबर असलेली, न सरकणारी चटई, दोन जुने टॉवेल, मगभर कोमट पाणी, दाट दातांचा कंगवा आणि बारीक टोकाचा चिमटा एवढं तिथेच असू द्या. फिरून आल्यावर पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, काढा. ओला पट्टा काखेत घासतो, त्याखालचे केस सुकत नाहीत आणि दोन-चार दिवसांत तिथली कातडी लाल होते. मग एकेक पंजा कोमट पाण्याने धुवा, साबण नको. टॉवेलचं टोक बोटांच्या बेचक्यांत घालून दाबा. पंजा वरून कोरडा दिसतो, ओल बेचक्यात राहते. तिथे यीस्ट वाढलं की कुत्रा पंजे चाटत बसतो आणि फिक्या रंगाच्या कुत्र्याचे तिथले केस तांबूस होतात. तो रंग दिसला तर समजा, पुसण्यात कसर राहते आहे किंवा कसली तरी ॲलर्जी आहे.

अंग पुसताना लांब केसांचा कुत्रा खसाखसा घासू नका, टॉवेल दाबून पाणी टिपा. घासल्याने आतली मऊ लव गुंतते आणि तिचे नमदे होतात. याच दिवसांत उन्हाळी लव गळून हिवाळी लव येत असते, म्हणून दिवसाआड विंचरायचं, तेही कोरड्या अंगावर. बुटक्या पायांच्या कुत्र्याचं पोट सगळ्यात जास्त भिजतं आणि नेमकं तेच विसरतं. लोंबत्या कानांची आतली बाजू पुसा, पण कानात काडी घालू नका.

आता चिमट्याचं काम. हवा गार झाली म्हणजे गोचिडी संपल्या असं धरू नका. बऱ्याच जाती पाऱ्याने साधारण ५ अंश गाठले तरी हिंडतात आणि पाचोळ्याखालची दमट ऊब त्यांना मानवते. कानामागे, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत आणि बोटांमध्ये बोटांनी चाचपा. डोळ्यांपेक्षा बोटांना लवकर कळतं. सापडली तर चिमट्याने तिचं तोंड कातडीला अगदी लागून धरा आणि सावकाश, सरळ वर ओढा. पोट दाबू नका. तेल, तूप, रॉकेल, पेटती काडी हे सगळे जुने उपाय सोडा, त्याने गोचीड आपल्या पोटातलं जखमेत सोडण्याची भीती असते. गोचिडी चावल्याने होणाऱ्या लाइम रोगाचे जंतू अंगात जायला बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त लागतात, म्हणून रोजची तपासणी कामाची. पंजाच्या बेचक्यात नारिंगी भुकटीसारखे ठिपके दिसले आणि कुत्रा तिथे सारखा चावत असेल, तर त्या गोचिडी नव्हेत, माइट्स नावाच्या अगदी बारीक किड्यांच्या अळ्या आहेत. पंजे धुवा आणि व्हेटकडून औषध घ्या. गोचिडींचं महिन्याचं औषधही हिवाळा आला म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

पाचोळ्यात काय पडलंय ते मात्र घरी येऊन कळत नाही, वाटेतच बघावं लागतं. हॉर्स चेस्टनटची तुकतुकीत तपकिरी फळं चेंडूसारखी दिसतात म्हणून पिल्लं ती उचलतात. ती विषारी आहेत, शिवाय आतड्यात अडकतात. ओकच्या फळांतल्या टॅनिनमुळे ओकारी आणि जुलाब होतात. जंगली अळंबी सगळ्यात दगाबाज. काही जहाल अळंब्यांची लक्षणं सहा ते चोवीस तासांनी दिसतात, मध्येच कुत्रा सुधारल्यासारखा वाटतो आणि तोवर यकृत निकामी होत असतं. कंपोस्टच्या ढिगात तोंड घातल्यावर अंगाला कंप सुटला तर तो बुरशीच्या विषाचा असू शकतो. उंदीर घरात शिरायचे दिवस हेच, त्यामुळे शेजाऱ्यांनी औषध घातलंय का ते विचारून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या विषाचा परिणाम दिसायला तीन ते पाच दिवस लागतात. गाडीतलं अँटीफ्रीझ, म्हणजे इथिलीन ग्लायकॉल, चवीला गोड असतं. ते चाटल्यावर कुत्रा आधी झिंगल्यासारखा चालतो, मग बरा दिसतो आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं बंद पडतात. यातलं काहीही खाल्ल्याचा संशय आला तर लक्षणांची वाट न बघता व्हेटला फोन करा, खाल्लेल्या वस्तूचा तुकडा किंवा फोटो जवळ ठेवा. ओकारी काढायला मीठ पाजू नका, मिठानेच विषबाधा होते.

अंधाराचं गणित वेगळं. चमकती पट्टी तिच्यावर गाडीचा उजेड पडला तरच दिसते, म्हणून स्वतः पेटणारा एलईडी दिवा हवा. गळपट्ट्याचा दिवा दाट केसांत बुडतो, हार्नेसच्या पाठीवर लावलेला दिसतो. लांबत जाणारा दोरीचा पट्टा रात्री नको, दोन मीटरचा साधा पट्टा बरा. आणि कपाळावर बांधायची बॅटरी घ्याच. पाचोळ्यात कुत्र्याची शी शोधणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे: कुत्रा बसला त्या जागेवरून नजर हलवू नका, आधी पिशवी हातात घाला आणि मगच वाका.

युरोपातल्या बहुतेक देशांत ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, तर अमेरिका आणि कॅनडाच्या बहुतेक भागांत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ एक तास मागे जातं. कुत्र्याला त्याचा पत्ता नसतो, तो सहाऐवजी पाचलाच उठवायला येतो. आधीच्या सहा दिवसांत जेवण आणि फिरणं रोज दहा-दहा मिनिटं उशिरा करत न्या, म्हणजे रविवारी फरक जाणवत नाही.

कोट लागतोच असं नाही. दाट लव असलेल्याला नको. पातळ केसांच्या, बारीक, म्हाताऱ्या कुत्र्याला पारा ७ अंशांखाली गेला की घाला. माप मानेच्या बुडापासून शेपटीच्या मुळापर्यंत घ्यायचं. घरात आल्याबरोबर तो काढा, ओला कोट अंगावर ठेवण्यापेक्षा कोट नसलेला बरा.

हीटर सुरू झाले की हवा कोरडी पडते, कोंडा दिसू लागतो. तो घालवायला आंघोळी वाढवाल तर कातडीचं तेल आणखी जाईल आणि कोंडा वाढेल. खोलीतली आर्द्रता ४० ते ५० टक्के ठेवा आणि अंथरूण रेडिएटरपासून हातभर लांब. फिरणं कमी झालं असेल तर दर दोन आठवड्यांनी वजन करा. बरगड्या हाताला सहज लागेनाशा झाल्या की खाणं दहा टक्क्यांनी कमी करा, वाटीच्या अंदाजाने नव्हे, काट्यावर मोजून.